पुढच्या साडूचा गुडघा

दोन साडू एकाच सायकलवर बसून कामाला जातात हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, पुढे कोण बसतं? पुढे चश्मेवाला बसतो आणि मागे ट्यूनर. कारण साधं आहे. ट्यूनरला दिसत नाही.

चश्मेवाला हा थोरलीचा नवरा. चौकातल्या चश्म्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासून फ्रेमच्या मापाला आणायचा. दुकानाचा दर्शनी भाग मालकाचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलणंही मालकाचंच. चश्मेवाल्याला गावातल्या अर्ध्या लोकांचे नंबर पाठ होते, तोंडं मात्र एकाचीही माहीत नव्हती. ट्यूनर हा धाकटीचा नवरा, वयाने मात्र साडूपेक्षा मोठा. पियानोच्या तारा सुरात लावणं हा त्याचा धंदा. तरुणपणीच त्याची नजर कडेकडेने मिटत आली आणि चाळिशीच्या आत पूर्ण गेली. "साडू चश्म्याच्या दुकानात आणि मला साधा चश्मासुद्धा लागत नाही, सांगायची सोय नाही," असं तो स्वतःच म्हणायचा. त्यामुळे इतरांना म्हणायला काही शिल्लक राहत नसे.

सायकल दोघी बहिणींनी शोधून आणली होती, जुनीच, पण दणकट. दोन सीटा, दोन हँडलं आणि पॅडलांच्या दोन जोड्या, त्याही एकमेकींना साखळीने बांधलेल्या. पुढच्याने पाय फिरवला की मागच्याचा फिरणारच, आणि मागच्याने थांबवला तर पुढच्यालाही थांबावंच लागणार. मागचं हँडल नुसतं धरायला, ते वळत नाही. ब्रेक, घंटा, गिअर सगळं पुढे. नवीन माणसाला ट्यूनर सायकलची ओळख करून द्यायचा, "संसारच आहे हा, फक्त बायका घरी राहतात."

दुकानातलं काम दुपारनंतर असल्यामुळे चश्मेवाल्याची सकाळ मोकळी असे. दोघं सकाळी निघायचे. कधी संगीताचा क्लास, कधी एखादा हॉल, कधी कुणाच्या घरी मुलीसाठी घेतलेला आणि मुलगी लग्न होऊन गेल्यावर कपड्यांच्या घड्या ठेवायला वापरलेला पियानो. ट्यूनर कामाला लागला की चश्मेवाला पियानोची पुढची फळी उतरवून द्यायचा आणि एक खुर्ची पकडून पेंगायचा. एकच सूर पन्नासदा वाजत असताना झोप लागणारा माणूस विरळाच, पण त्याला लागायची.

एवढ्यावरून चश्मेवाला परोपकारी होता असं कुणी समजू नये. त्याला मुळात सायकल आवडायची, आणि त्याहून जास्त, पुढे बसायला आवडायचं. दुकानात तो मागच्या खोलीत. घरी थोरली पुढे आणि तो तिच्या मागे, दोन पिशव्या घेऊन. लग्नाच्या फोटोतसुद्धा कुणा मामाच्या खांद्याआडून त्याचं अर्धंच तोंड दिसतं. आयुष्यात सगळ्यात पुढे बसायची ही एकच जागा त्याच्या वाट्याला आली होती, आणि तिथे बसल्यावर त्याचा आवाजही बदलायचा. "खड्डा," तो मागे न बघता सांगायचा. "डावीकडे. सिग्नल. थांबतोय." ट्यूनर म्हणायचा, बोटीचा कप्तान परवडला, निदान तो अधूनमधून जेवायला तरी जातो.

मग उजवा गुडघा कुरकुरायला लागला.

आधी जिना उतरताना. चढताना काही नाही, उतरताना वाटीच्या खाली कुणीतरी टाचणी टोचल्यासारखं. मग दुकानातल्या स्टुलावरून उठताना. बराच वेळ पाय दुमडून बसलं की गुडघा आखडायचा आणि पहिली दोन पावलं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी पडायची. मग सायकलवर, चढ लागला की. चश्मेवाल्याने सगळं केलं. तेल चोळलं, शेक घेतला, घट्ट विणीची नी-कॅप आणून पँटच्या आत घालायला सुरुवात केली. ही नी-कॅप कुणाला दिसू नये म्हणून तो फार जपायचा. ज्याच्यापासून मुख्यतः लपवायची तो माणूस आंधळा होता ही गोष्ट त्याच्या ध्यानात यायला काही आठवडे गेले.

दुखणं घरात कळलं आणि सल्ले सुरू झाले. मालकाने वजन कमी करायला सांगितलं. मालकाचं स्वतःचं पोट काउंटरवर टेकायचं. शेजाऱ्याने चालायला सांगितलं, शेजाऱ्याच्या बायकोने अजिबात चालू नका म्हणून सांगितलं. थोरली मुद्द्याचं बोलली.

"डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टर सायकल बंद करायला सांगेल."

"मग करा बंद. धाकटी म्हणत होती, चढावरच्या शाळेची व्हॅन भाऊजींना न्यायला यायला तयार आहे. बाकीच्या ठिकाणी रिक्षा."

चश्मेवाल्याला पुढचं सगळं दिसलं. चढावरची शाळा म्हणजे ट्यूनरचं सगळ्यात मोठं काम. त्या शाळेत प्रत्येक मजल्यावर पियानो होता आणि तिथल्या मुलांचा हात जड होता, त्यामुळे काम कधी संपत नसे. व्हॅन तिथे न्यायला लागली की बाकी ठिकाणीही रिक्षाच बरी वाटायला लागणार. मग सायकल जिन्याखाली, आणि तिच्यावर वाळत घातलेली पायपुसणी.

शेवटी तो गेला डॉक्टरकडे. हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे काचेवर लावला, गुडघा इकडून तिकडून वाकवून पाहिला.

"वाटीच्या मागे झीज आहे. वयाच्या मानाने थोडी जास्त."

"ऑपरेशन?"

"आत्ताच नको. करून फारसं साधेल असंही नाही. आधी मांडीचे स्नायू मजबूत करा. फिजिओकडे जा, मनापासून व्यायाम करा, मग बघू. सायकल किती चालवता?"

"रोज थोडीफार," चश्मेवाला म्हणाला. त्याची थोडीफार म्हणजे अर्धं शहर, तेही एका पूर्ण वाढलेल्या साडूसकट.

फिजिओ ही तरुण बाई होती. केस वर बांधलेले, पायात पळायचे बूट, आणि समोरचा माणूस आपल्याला फसवणार हे धरूनच बोलायची सवय. सायकल बंद करू नका म्हणाली, तेव्हा चश्मेवाल्याचा तिच्यावर एकदम जीव जडला. लगेच ती म्हणाली, पण मी सांगते तसंच करायचं. तेव्हा तो थोडा कमी झाला.

तिने सांगितलं ते दिसायला पोरखेळ होतं. पाठीवर झोपून पाय सरळ ठेवून उचलायचा आणि धरायचा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. खुर्चीतून हात न टेकता सावकाश उठायचं, त्याहून सावकाश बसायचं. पायरीच्या कडेवर एका पायाने उभं राहून दुसरा हळूच खाली सोडायचा. "दुखलं तर चालेल, थोडं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर मात्र आदल्या दिवशी जास्त केलं असं समजायचं आणि कमी करायचं. गुडघा दुसऱ्या दिवशी खरं बोलतो."

चश्मेवाला स्वयंपाकघराच्या जमिनीवर आडवा पडून पाय उचलू लागला, कारण सरळ लोळण्याइतकी जागा घरात तिथेच होती. थोरली त्याला ओलांडून ये-जा करायची.

"आणखी किती वेळ?"

"धरून ठेवायचाय."

"मग जरा उंच धरा, खालची फरशी पुसून घेते."

कुरबुर करत का होईना, त्याने चिकाटी सोडली नाही. आणि जिना सुधारला. स्टुलावरून उठणं सुधारलं. पावलं पुन्हा स्वतःची वाटायला लागली. सायकलवर मात्र गुडघा होता तिथेच होता. चढाच्या शाळेला जाऊन आलं की रात्रभर ठणका. फिजिओने सीट थोडी उंच करायला लावली, तेव्हा पाय खाली पूर्ण जाऊ लागला आणि गुडघा कमी दुमडायला लागला. जरा बरं वाटलं, पण जराच. तिला ते पटेना.

"बाकी सगळं सुधारतंय आणि सायकलवरच अडतंय, म्हणजे तुम्ही सायकलवर काहीतरी वेगळंच करताय. सायकल घेऊन या. आणि मागे बसतात ते गृहस्थही."

"त्यांचा काय संबंध?"

"एकाच साखळीला आहात ना?"

हे त्याला लागलं. गुडघा आपला, व्यायाम आपले, त्यात साडूला कुठे मध्ये आणायचं? त्याने आजवर ट्यूनरला काहीच सांगितलं नव्हतं. एकदा त्याने विचारलं तेव्हा "किरकोळ मुरगळलाय" म्हणून उडवून लावलं होतं. तरी गेले दोघं. दवाखान्याच्या मागे गाड्या लावायची मोकळी जागा होती, तिथे फिजिओने त्यांना फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतः भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बघत राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "इतका जड गिअर का लावलाय?"

"जड कुठे, हाच असतो नेहमी."

"पाय किती हळू फिरताहेत बघा. एकेक पॅडल म्हणजे विहिरीतून घागर ओढल्यासारखं. हलका लावा."

"हलका लावला की पॅडल मोकळं फिरतं, जोर लागत नाही. म्हणून मग मी वाढवतो."

"दोन माणसं बसलीत आणि जोर लागत नाही?"

हा प्रश्न चश्मेवाल्याला कधी पडला नव्हता. वर्षभरापासून पॅडल हलकं लागायला लागलं होतं हे खरं, आणि त्याचं श्रेय त्याने व्यायामाच्याही आधीपासून स्वतःच्या पायांना दिलं होतं. पाय दुखत असले तरी ताकद वाढतेय, असा त्याचा हिशोब होता.

मागून ट्यूनर खाकरला.

"मी दाबतो," तो म्हणाला.

"काय दाबता?" फिजिओने विचारलं.

"पॅडल. जास्त. याचा उजवा पाय वर आला की अडखळतो, मग खाली जाताना अर्धवट जोर लावतो. मला तळपायाला कळतं. म्हटलं दुखतंय, सांगत नाहीय, तर आपण जास्त दाबू, म्हणजे याला कमी लागेल."

"केव्हापासून?"

"झालं वर्षभर."

फिजिओ सराईतपणे हसू आवरत होती. "म्हणजे तुम्ही यांना आराम म्हणून जोर लावताय. यांना पॅडल हलकं लागतंय म्हणून हे गिअर वाढवतायत. गिअर वाढला की पाय हळू फिरतात आणि गुडघ्यावर जास्त भार येतो. मग पाय जास्त अडखळतो, म्हणून तुम्ही आणखी दाबताय." तिने हवेत बोटाने एक गोल काढला. "दोघांनी मिळून छान केलंत."

तिचा इलाज सोपा होता. गिअर हलका ठेवायचा, पाय भराभर फिरवायचे, घाम आला तरी चालेल पण जोर लागता कामा नये. चढाला दुखलं तर उतरून चालायचं, त्यात लाज नाही. आणि दोघांनी एकमेकांना सांगायचं.

परत येताना दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होते. या साडूंचं एरवी अरे-तुरे चालायचं. बहुवचन सुरू झालं की समजावं, भांडण आहे.

"वर्षभर तुम्ही मला फसवलंत," चश्मेवाला म्हणाला.

"मी? तुम्ही पँटीत काय घालून फिरता ते माझ्या बायकोला ठाऊक आहे, मला नाही."

"मला वाटत होतं मी ओढतोय."

"मग वाटू द्यायचं होतं का नाही? बरं वाटत होतं ना तुम्हाला?"

"खड्डा" एवढंच चश्मेवाला म्हणाला, आणि तेही खड्डा गेल्यावर.

पुढचे काही दिवस वाईट गेले. ट्यूनरने जास्तीचा जोर काढून घेतला, एक थेंबही जास्त नाही, रुसलेल्या माणसाच्या काटेकोरपणाने. चश्मेवाल्याने गिअर हलका ठेवायचं ठरवलं, आणि रोज ठरवल्यावर रोज तोच प्रकार व्हायचा. पाय भराभर फिरायला लागले की त्याला आपण रिकामेच हातपाय हलवतोय असं वाटायचं, शेजारून एखादा पोरगा सायकल दामटत पुढे जायचा, आणि कप्तानाचा अंगठा आपोआप गिअरवर जायचा. आता मागची मदतही नव्हती. गुडघा खरंच बोलायला लागला, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचंही सोडून दिलं त्याने.

शाळेच्या चढावर ते झालं. चढ साधाच आहे, शाळेची मुलं तो धावत चढतात. पाऊणएक चढून आल्यावर चश्मेवाल्याच्या वाटीखाली अशी कळ आली की त्याने पाय थांबवला, आणि साखळी एकच असल्यामुळे ट्यूनरचाही थांबला. सायकल एका बाजूला कलली. दोघांनी पाय टेकले. शाळेची व्हॅन त्यांच्या शेजारून वर गेली. ड्रायव्हरने ओळखून हात केला, एकाने तो पाहिला, आणि त्यानेही प्रतिसाद दिला नाही.

"दुखतंय," चश्मेवाला म्हणाला.

ट्यूनर मागेच उभा होता, हँडल धरून.

"ते माहीत आहे. किती ते सांग."

"जास्त."

"कालच्यापेक्षा?"

"कालच्यापेक्षा, परवाच्यापेक्षा. आणि गिअर मीच वाढवला. खाली वळणावर. तू ऐकलं असशीलच, खट् वाजलं."

"ऐकलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या हातातला गिअर," ट्यूनर म्हणाला. "मागून बोलणारा मी कोण?"

त्यांनी सायकल ढकलत उरलेला चढ पार केला. ट्यूनरने शाळेत दोन पियानो लावले. चश्मेवाला त्या दिवशी खुर्चीत पेंगला नाही. पाय समोर लांब करून तो ऐकत बसला. ट्यूनर एक सूर वाजवायचा, किल्ली हलकीशी फिरवायचा, पुन्हा तोच सूर, पुन्हा किल्ली. एकही तार त्याने एका झटक्यात आवळली नाही. चश्मेवाल्याला संगीतातलं काही कळत नव्हतं, तरी एवढं दिसत होतं की हा माणूस दिवसभर एका ठरलेल्या ठिकाणी थांबण्याचंच काम करतो. आपल्याला तेच तर जमत नव्हतं.

व्हॅनच्या ड्रायव्हरने निघताना विचारलं, सोडू का खाली? ट्यूनरने मान चश्मेवाल्याच्या दिशेने वळवली आणि थांबला.

"नको," चश्मेवाला म्हणाला. "उतार आहे. उताराला काही होत नाही."

दुपारी दुकानात जाण्याआधी तो एकटाच ती लांबलचक सायकल ढकलत सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेला.

"गिअरचा खटका काढून मागच्या हँडलवर बसवायचाय."

दुरुस्तीवाला चाकाची हवा बघत होता, तो उठून उभा राहिला. "मागच्या? मागचे तर ते ना, पियानोवाले?"

"तेच."

"त्यांना दिसत नाही ना?"

"गिअर बघून टाकत नाहीत. पायाला कळतो."

"मग तुमच्याकडे काय राहिलं?"

"ब्रेक," चश्मेवाला म्हणाला. "आणि घंटा."

तार लांबीला पुरली नाही, नवी टाकावी लागली. हात पोचेल अशा ठिकाणी खटका आवळून दुरुस्तीवाल्याने मागचं चाक उचलून दाखवलं, खट्, खट्, साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर. चश्मेवाल्याने पुढच्या हँडलकडे पाहिलं. जिथे खटका होता तिथे रंग न उडालेली एक चकचकीत पट्टी राहिली होती. त्याने तिच्यावर अंगठा ठेवून पाहिला आणि काढला.

ट्यूनरला त्याने दुसऱ्या दिवशी सायकलवर बसल्यावरच सांगितलं. हात धरून खटक्यावर ठेवला.

"हे काय?"

"गिअर."

ट्यूनरने तो चाचपला, एकदा पुढे, एकदा मागे. "थोरलीला माहीत आहे?"

"तिला काय करायचंय?"

"नाही, म्हटलं घरातलं आता आणखी काय काय दुसऱ्यांच्या हातात जाणार," ट्यूनर म्हणाला. चश्मेवाला हसला आणि निघाला.

सुरुवातीचे दिवस विचित्र गेले. पाय नुसते गरगर फिरायचे. त्याला वाटायचं आपण सायकल चालवत नाही आहोत, कुणाच्या तरी शिलाई मशीनला पाय लावून बसलोय. सपाट रस्त्यावर लोक त्यांच्यापुढे निघून जायचे, त्यात एकदा भाजीची पिशवी घेतलेली एक आजीबाईही होती. अंगठा जुन्या जागी जायचा, तिथे काही नसायचं, परत यायचा. मागे ट्यूनर तोंडाने अगदी हळू टकटक करत असायचा, पायांच्या तालाला, आणि ताल ढिला पडला की खट् करून गिअर एक खाली.

व्यायाम तो स्वयंपाकघरातच करत राहिला. गुडघा बरा झाला असं कुणी म्हटलं तर ते खोटं होईल. फिजिओही तसं म्हणाली नाही. झीज आहे तिथे आहे, ती म्हणाली, तिला सांभाळून घ्यायचं. आठवड्यातून एखादा दिवस तो दुखायचा, जास्त दुखला तर दोघं तेवढा चढ चालायचे. ऑपरेशनचं नाव पुन्हा निघालं नाही. व्हॅनचं धाकटीने एकदा काढलं, पण ट्यूनरच म्हणाला, गाडीत बसून मान आखडते. गाडीत तो उभ्या आयुष्यात फार तर दहा वेळा बसला असेल.

शाळेच्या चढावर आता असं चालतं. पाऊण चढ होतो. चश्मेवाल्याचा श्वास वाढलेला असतो, पाय फिरत असतात.

"दुखतंय," तो म्हणतो.

"किती?"

"थोडं."

"कालच्यासारखंच?"

"कमी."

मागे ट्यूनरची स्वतःच्या तळपायाशी विचारपूस चालू असते.

"उतरायचं?"

"नको. एक खाली टाक."

खट् वाजतं, पाय मोकळे होतात, आणि शाळेचं फाटक जवळ आलं की पुढचा साडू ब्रेक दाबायच्या आधी मागे न बघता सांगतो, "थांबतोय."